मागच्या ओळीतली आपली पोरगी

"ताई, एक मिनिट. आत्ता ती वळंल," असं म्हणून आप्पा उजव्या हाताचं बोट वर करायचे. समोरचं गिऱ्हाईक हातात ब्लाउजपीस धरून उभं राहायचं. आप्पांचे डोळे रुबियाच्या ताग्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर. मग कुठल्या तरी दूरच्या, थंड देशातल्या रंगमंचावर एक मुलगी पायाच्या अंगठ्यावर उभी राहून गर्रकन वळायची, आप्पांचं बोट खाली यायचं आणि ते म्हणायचे, "हां. बोला. मोरपंखी पाहिजे की रामा ग्रीन?"

सोलापूरच्या नव्या पेठेत ज्यांनी कधी साडीला फॉल घेतला असेल त्यांनी हे बोट पाहिलेलं असणार. आप्पांचं मॅचिंग सेंटर आणि माझं भांड्यांचं दुकान यांच्यात एकच भिंत होती. वीस-बावीस वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसलो. वयानं ते माझ्याहून बरेच मोठे. अंगानं भारी, पोट पुढे, तोंडात सुपारी. बॅले हा शब्द त्यांच्याकडे पाहून कुणाला सुचला नसता.

त्यांच्याविषयी लिहिण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. या माणसाला आयुष्यात एकदाच, समोर खुर्चीत बसून, खरा बॅले बघायची संधी आली होती. ती माझ्यामुळे गेली. अपघातानं गेली नाही, मी घालवली. हे आधीच सांगितलं, म्हणजे पुढे मी जे प्रेमानं लिहीन ते वाचताना तुम्ही मला उगाच चांगला माणूस समजणार नाही.

आप्पांना हा नाद लागला तो धंद्यातूनच. एक बाई शाळेच्या गॅदरिंगसाठी मुलीला परीचा झगा शिवायचा म्हणून नेट घ्यायला आली होती. घागऱ्याच्या आत फुगायला लावतात ती कडक जाळी, कॅनकॅन. तिनं फोनवर एक फोटो दाखवला. पांढराशुभ्र, थाळीसारखा आडवा पसरलेला झगा. आप्पा म्हणाले, "हे आडवं कसं काय ऱ्हातंय? खाली पडायला पाहिजे की." बाईला माहीत नव्हतं. दुपारी दुकानात कुणी नसताना आप्पांनी फोनवर शोधलं.

"आत थर किती लावल्यात एवढंच बघायला गेलतो," ते नंतर मला सांगायचे, "आणि ते ऱ्हायलंच. थर मोजायचेच ऱ्हायले."

मी विचारलं, "आप्पा, ह्यात काय आहे एवढं?"

"ह्यात कुणी बोलत न्हाय," आप्पा म्हणाले. "घरी बोलणं, दुकानात बोलणं, फोनवर बोलणं. गाणारंसुदा कुणी न्हाय. सगळं पायानं सांगत्यात. आणि मला समजतंय की रे."

त्यांना बॅलेतले शब्द माहीत नव्हते आणि ते शिकण्याच्या फंदातही ते पडले नाहीत. कात्रीसारखे पाय हलले की ती "कैची". अंगठ्यावर छोट्या छोट्या पावलांनी सरकत जाणं म्हणजे "मुंगी". पुरुष नर्तक मुलीला कमरेला धरून वर उचलतो, ती "हंडी". कथा त्यांना अर्ध्या कळायच्या, अर्ध्या ते रचायचे. एकदा माझ्या दुकानात पितळी पातेलं हातातून निसटून फरशीवर आदळलं, तर भिंतीपलीकडून आवाज आला, "अरे हळू की! ती झोपालीय हितं!"

तेव्हा मी हसत सुटलो होतो. खरं म्हणजे त्या काळात मी फार हसायचो. गल्लीच्या तोंडाशी फॉल-बीडिंग आणि पिको करणारे मास्टर बसायचे. त्यांच्या मशीनजवळ उभं राहून मी आप्पांच्या बोटाची नक्कल करायचो. मास्टर हसायचे नाहीत. "करने दो ना भाई," म्हणायचे, "सुपारी खातात त्यापेक्षा बरं हाय."

आता त्या मुलीविषयी.

बॅलेचे चाहते बहुतेक पुढे नाचणाऱ्या नायिकेचे असतात. आप्पाही सुरुवातीला तसेच होते. मग एका चित्रणात त्यांना मागच्या ओळीतली एक मुलगी दिसली. पांढऱ्या झग्यातल्या मुलींची मोठी रांग, सगळ्या एका मापाच्या, एका चेहऱ्याच्या. नायिकेच्या अंगावरचं एक कापडी फूल निसटून रंगमंचावर पडलेलं. ओळ मागून पुढे येत होती. डावीकडची एक मुलगी त्या फुलापाशी आली आणि ताल न सोडता, मान न वळवता, तिनं पायानं ते फूल अलगद बाजूला सारलं. मागून येणारीचा पाय त्यावर पडू नये म्हणून.

हा तुकडा आप्पांनी मला निदान पन्नास वेळा दाखवला असेल.

"तिचं काम होतं का ते?" ते विचारायचे. "कुणी सांगितलं होतं का? पगार वाढला असंल का तिचा? न्हाय की! मागचीचा पाय घसरंल म्हणून. बास."

त्या दिवसापासून ती "आपली पोरगी" झाली. त्या बॅले कंपनीचं जे जे चित्रण मिळेल त्यात आप्पा नायिकेला सोडून मागच्या ओळीत तिला शोधत बसायचे. कधी ती दिसायची, कधी खांबाआड जायची, कधी कॅमेराच वळायचा. मग आप्पा कॅमेरावाल्याला शिव्या घालायचे. पुढे आप्पांच्या स्वतःच्या मुलीनं त्यांना फोनवर त्या कंपनीचं पान शोधून दिलं आणि तिथून तिचं स्वतःचं पानही सापडलं. ती तिच्या भाषेत चार ओळी लिहायची. आप्पा फोनला त्याचं मराठी करायला सांगायचे. फोन काहीही करायचा. एकदा मला बोलावून त्यांनी वाचून दाखवलं : "आज माझ्या घोट्याने राजीनामा दिला आहे."

"म्हंजे काय रे?"

"पाय दुखावला असेल, आप्पा."

आप्पांचा चेहरा उतरला. पुढच्या सोमवारी ते सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन नारळ फोडून आले. दुकानात येणाऱ्या ओळखीच्या बायकांना सांगायचे, "पायाला सूज हाय तिच्या." बायकांना वाटायचं, आप्पांच्या मुलीच्या. एकजण पंधरा दिवसांनी अस्तर घ्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, "काका, पाय बरा आहे का आता मुलीचा?" आप्पा म्हणाले, "व्हय, परवा उभी ऱ्हायली की. अंगठ्यावर." बाई हबकली. घोटा सुजलेल्या मुलीला अंगठ्यावर कशाला उभं करायचं, असं तिला वाटलं असणार.

कोण कोणती कंपनी सोडून कुठे गेलं, कोणाला पुढे येऊ दिलं नाही, कोण आई झाली आणि परत नाचायला लागली, हे सगळं आप्पा भावकीतल्या लग्नांसारखं सांगायचे. त्यांची स्वतःची खंत एकच होती. आपली पोरगी मागच्या ओळीतून पुढे येत नव्हती. एकदा चौघींच्या नाचात तिला घेतलं, तर आप्पांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि विचारलं, "कसले?" ते म्हणाले, "बढती झाली." पुढच्या वर्षी ती पुन्हा ओळीत गेली.  तेव्हा आप्पांनी दोन दिवस मोबाइल गल्ल्यात ठेवून दिला होता.

मग एक दिवस सकाळी, मी शटर वर करत असताना, आप्पा माझ्या दुकानात आले. सहसा ते यायचे नाहीत, भिंतीतूनच हाक मारायचे. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. फोननं केलेलं मराठी होतं : "हा माझा शेवटचा दौरा आहे. आम्ही भारतात जात आहोत. नंतर मी लहान मुलींना शिकवीन."

"मुंबईत," आप्पा म्हणाले. "ती हितं यायलीय रे. मुंबईत!"

त्यांच्या मुलीनं हैदराबादहून दोन तिकिटं काढून दिली. एक त्यांचं, एक वहिनींचं. वहिनींनी हात जोडले. "तीन तास मुकी माणसं बघायला मी मुंबईला येत नाही. तुमचं तुम्ही जा." तेव्हा आप्पा माझ्याकडे आले.

"येतोस का? चल की."

"बघू, आप्पा," मी म्हणालो. "दुकान कोण बघणार?"

चार दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. "काय ठरलं तुझं?"

"कशाला उगाच मला नेताय? मला काय कळतंय त्यातलं?"

आता हे तुम्हाला कळेल, कारण तुम्हीही आपल्याच लोकांतले आहात. आमच्याकडे जेवणाचा आग्रह असो की चहाचा, पहिल्या दोन वेळा माणूस नको म्हणतो. ते नको नसतं. तिसऱ्यांदा विचारलं की मग बसायचं. मला जायचं होतं. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं ते काय आहे, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा "बरं, तुम्ही म्हणताय तर" असं म्हणायचं, हे मी मनाशी ठरवूनही ठेवलं होतं. बायकोकडून चांगला शर्ट इस्त्रीला पाठवला होता.

आप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. इतकी वर्षं बोलणं नसलेल्या गोष्टी बघून त्यांना माणूस जे म्हणतो तेच खरं वाटायला लागलं होतं की काय, कोण जाणे. त्यांनी मास्टरांना विचारलं. मास्टर एका दमात म्हणाले, "चलता ना आप्पा, कायको नै?"

मला हे मास्टरांच्याच तोंडून कळलं. मी म्हणालो, "वा, छान." आणि दुकानात येऊन उगाचच सगळी भांडी खाली काढून पुसत बसलो.

त्या पंधरवड्यात आप्पा आणि मास्टर दोघं लग्नघरातल्या माणसांसारखे वागत होते. मास्टरांनी आप्पांना नवी पँट शिवली. तिला काय द्यायचं यावर रोज चर्चा.

"चादर द्या, आप्पा. सोलापूरला आल्यासारखं वाटेल तिला."

"चादर विमानात जड हुईल. शेंगाचटणी न्हेतो."

"गोरे लोग हैं, तिखट खाएंगे क्या?"

"मग दह्यात कालवून खाईल की! आपली पोरगी हाय, खाईल."

मी आपला भिंतीच्या अलीकडे. मला कुणी वगळलं नव्हतं. मीच नको म्हणालो होतो. पण हे मनाला सांगून पटत नव्हतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या मेहुण्याचा फोन आला. माझी सासरवाडी माढ्याची आणि आप्पांचं मूळ गावही तिकडचंच. मेहुणा म्हणाला की आप्पांचे चुलतभाऊ सकाळी गेले. चारच्या सुमाराला दहनही झालं. "त्यांच्या घरचे काय आप्पांना फोन करायचे नाहीत. तुम्ही शेजारी आहात, तुम्ही कानावर घाला." त्या चुलतभावाशी आप्पांचं बोलणं कधीचंच बंद होतं. बांधावरून त्यांच्या वडलांच्या वेळी जे सुरू झालं होतं, ते दोन्ही घरांनी नीट सांभाळलं होतं.

मी भवानी पेठेत आप्पांच्या घरी गेलो. आप्पा दाढी-कटिंगला गेले होते. वहिनी दारात आल्या. मी सांगितलं. त्यांनी आधी गल्लीकडे पाहिलं, मग मला आत घेऊन दार ओढून घेतलं.

"भाऊजी, दहन झालं म्हणता ना?"

"झालं."

"मग आता जाऊन तरी काय व्हायचंय? ऐका. सुतक असतं ते कानावर आल्यापासून. माझ्या सासूबाई सांगायच्या. ज्याला कळलं नाही त्याला सुतक नाही. हे परवा सकाळी येतील. आले की मीच सांगीन, अंघोळ करतील, दहावा-तेरावा काय ते सगळं करतील. उद्याचा दिवस तेवढा तुम्हाला काही कळलंच नाही असं समजा."

"आणि तुम्हाला?"

"मला लागलंय आता. मी आज देवाला हात लावत नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगीन." त्यांनी दाराची कडी पुन्हा चाचपली. "असला शहाणपणा मी कधी केला नव्हता, भाऊजी. पण त्यांनी दुपारपासून तीनदा बॅग भरलीय."

मी म्हणालो, "वहिनी, माझ्याकडून शब्द जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. कशाला गेलो हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. शेजारधर्म म्हणून, असं त्या वेळी वाटत होतं. आप्पा नव्या पँटमध्ये, तेल लावून, हातात चटणीची पिशवी घेऊन उभे होते. मास्टर पाण्याच्या बाटल्या आणायला गेले. आप्पा खुशीत होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुला आधी विचारलं होतं की मी. पण तुला हौस न्हाय. मास्टरला हाय. माणसाला हौस पाहिजे रे, नुसती भांडी वाजवून काय?"

चेष्टाच होती. ते रोज अशीच चेष्टा करायचे. पण मला एकदम वाटलं, घरात माणूस गेलाय आणि हा नाच बघायला निघालाय. अगदी तसंच, याच शब्दांत. आणि मला आपण फार बरोबर आहोत असं वाटलं. इतकं बरोबर मला त्याआधी क्वचितच वाटलं असेल.

"आप्पा," मी म्हणालो, "आत्ताच मेहुण्याचा फोन आला. माढ्याचे तुमचे भाऊ गेले."

आप्पांनी पिशवी खाली ठेवली. "कवा?"

"काल."

"दहन?"

"झालं."

ते गाडीकडे बघत राहिले. मास्टर बाटल्या घेऊन आले, त्यांना कळलं. मास्टर आप्पांचा दंड धरून म्हणाले, "आप्पा, हो गया ना सब? चला. उद्या जा गावाला. कौन देखता?"

"कोण बघतंय म्हणून न्हाय," आप्पा म्हणाले. "मला म्हाईत झालं की आता."

मी काय सांगू तुम्हाला? ते ओरडले असते, माझ्यावर चिडले असते, तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून दोन्ही तिकिटांचे कागद काढले आणि मास्टरांच्या हातात दिले. मास्टर नको म्हणत होते. आप्पा म्हणाले, "तू जा. एकानं तरी बघून यायला पाहिजे. डावीकडं बघ, मागच्या ओळीत." चटणीची पिशवीही दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस ते. तू तुझं काम केलंस."

गाडी गेली. आप्पा स्टेशनवरूनच एस.टी.नं माढ्याला गेले. नव्या पँटमध्येच.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. आप्पा अंगणात वेगळे बसले होते, दाढी वाढलेली. सुतकातल्या माणसाला शिवायचं नाही म्हणून मी जोत्यापाशी उभा राहिलो. मास्टरांना ते बंधन नव्हतं. ते आप्पांच्या शेजारी पायरीवर बसून मुंबईचं सांगत होते.

"तिखट है क्या, असं विचारलं वॉचमननं. मी बोललो, भाई, सोलापूरची हाय. मागच्या दारात उभा राहिलो. एकेक बाई बाहेर येत होती, कोट घालून. झगे काढल्यावर तर कुणीच कळेना. मग जी लई दमलेली दिसली तिला दिली पिशवी. तिनं वास घेतला, शिंकली आणि हसली."

आप्पाही हसले. पोटातून हसले. मग म्हणाले, "आणि आपली पोरगी? दिसली?"

मास्टर आप्पांकडे वळून बसले.

"आप्पा, झूट नै बोलता. मला सगळ्या सारख्याच दिसल्या. लई शोधलं. पण शेवटी सगळ्या खाली वाकून नमस्कार करतात ना, तेव्हा मागं डावीकडं एक बाई रडत होती. सगळ्या हसत होत्या. तिनं डोळे पुसलेच नाहीत. हात तसेच, वर."

"तीच," आप्पा म्हणाले.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. रोज चारच्या चहाला आप्पांच्या थर्मासमधून मला एक कप यायचा. सुतक फिटल्यावर थर्मास पुन्हा यायला लागला, पण त्यात एकाच माणसाचा चहा असायचा. आप्पांना त्याचं कोडं पडलं. "हिला काय झालंय कुणास ठाऊक, मापून द्यायलीय," असं म्हणून ते आपल्यातला अर्धा कप मला द्यायचे. मी तो घ्यायचो. हेही लिहून ठेवतो.

आपली पोरगी ठरल्याप्रमाणे निवृत्त झाली. तिच्या पानावर आता लहान मुली दिसायच्या, भिंतीला लावलेल्या दांड्याला धरून उभ्या. आप्पांनी दुसऱ्या कंपन्या बघितल्या. नव्या मुलींचं कौतुक केलं. "पाय चांगले हायत हिचे," म्हणायचे. पण मागच्या ओळीत शोधायला कुणी उरलं नव्हतं, आणि हळूहळू बोट वर जाणं बंद झालं. गिऱ्हाईकांना लगेच कापड मिळायला लागलं.

यात बरीच वर्षं गेली. मधल्या काळात मी सांगायचं ठरवलं नाही असं नाही. दर दिवाळीला ठरवायचो. प्रत्येक वेळी वाटायचं की त्यांना तर वाईट वाटतच नाहीये, मग आता उकरून काढून त्यांना दुःख कशाला द्या. हे कारण फार सोयीचं होतं, कारण त्यात मी त्यांच्या भल्याचा विचार करत होतो.

गेल्या वर्षी आप्पांनी दुकान विकायला काढलं. गुडघे गेले होते. मुलगी हैदराबादला बोलावत होती. जायच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो, ते नसताना. वहिनी डबे बांधत होत्या.

"वहिनी, मी त्यांना सांगायचं म्हणतोय. पण त्यात तुमचं नाव येईल."

त्यांनी सुतळीला गाठ मारली, दातांनी तोडली. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी कामापुरत्याच बोलल्या होत्या.

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा त्या दिवसापासून गप्पच आहे. मी तुमच्यावर विश्वास ठेवला, ही माझी चूक मला त्यांना सांगता आली नाही. तुम्ही तुमची सांगा." आणि मग, मी वळल्यावर, मागून : "चहा ठेवते, भाऊजी."

मी तो चहा घेतला नाही. म्हणालो, परत येतो.

दुकानात शेवटचं आवरणं चाललं होतं. रॅक रिकामे. माल दुसऱ्या एकाला दिला होता, अस्तराची काही लांब कापडं तेवढी उरली होती. आप्पा एकटेच घडी घालायचा प्रयत्न करत होते आणि गुडघ्यांमुळे जमत नव्हतं. मला बघून म्हणाले, "आलास? धर की दुसरं टोक."

मी धरलं. ते मागच्या भिंतीशी, मी पायरीपाशी. कापड ताणायचं, मधून दुमडायचं, मग दोघांनी चालत जवळ यायचं, टोकं त्यांच्या हातात द्यायची आणि पुन्हा मागे जायचं. दोन कापडांच्या घड्या झाल्या. तिसरं ताणून धरलं तेव्हा मी पायरीवरून म्हणालो,

"आप्पा, तुम्ही मुंबईला निघाला होता, त्या दिवशी मी स्टेशनवर खोटं बोललो. फोन तेव्हा आला नव्हता. आदल्या दिवशी संध्याकाळीच आला होता."

आप्पांनी कापड ढिलं सोडलं नाही.

"मी घरी आलो होतो. वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, परवा सकाळपर्यंत कळवू नका, तुम्हाला जाऊ द्या. मी त्यांना शब्द दिला आणि सकाळी मोडला. धर्मासाठी नाही, आप्पा. तुमच्या भावाचं मला काही नव्हतं. मला तुमच्याबरोबर यायचं होतं. दोनदा नको म्हटलं ते मनापासून नव्हतं. तुम्ही तिसऱ्यांदा विचारलं नाहीत, एवढ्यासाठी मी तुमची पोरगी तुम्हाला बघू दिली नाही. माझं चुकलं. मला माफ करा."